लाल रिबनीचे शब्द

आमच्या कचेरीचा जिना अरुंद होता. समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं, असा तिथला रिवाज. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला तो कुठला ठाऊक असायला! टाइपाच्या कोऱ्या कागदांचं बंडल छातीशी धरून मी वर चढत होते, आणि डोक्यापासून पायापर्यंत काळाठिक्कर झालेला एक माणूस दोन-दोन पायऱ्या गाळत खाली येत होता.

धडक व्हायची ती झालीच. बंडल सुटलं आणि कागद जिनाभर पसरले. तो बिचारा मदत म्हणून एकेक कागद उचलू लागला, आणि ज्या कागदाला हात लावी त्यावर पाच काळी बोटं उमटू लागली.

"अहो, नका ना हात लावू!" मी जवळजवळ रडकुंडीला आले.

त्याने हातातला कागद पाहिला, मग स्वतःचे पंजे पाहिले, मग माझ्या बाहीवर उठलेला काळा डाग पाहिला. त्या सगळ्या काळ्यातून दात तेवढे पांढरेशुभ्र चमकले.

"अन-ब्लडी-बिलीव्हेबल!" तो म्हणाला, आणि कागद माझ्या हातात कोंबून निघूनही गेला.

मी तिथेच उभी. आमचे अण्णा शाळेत इंग्रजी शिकवत. आमच्या घरी इंग्रजी शब्दाचा उच्चार चुकला तर तो सुधारेपर्यंत ताटावर बसून राहावं लागे. शब्द असा मधोमध तोडून त्यात शिवी भरता येते, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. तो मधला शब्द लिहिताना आजही माझा हात अडतो. पण तो वगळला तर ही गोष्टच उरत नाही... आणि वगळण्याची माझी खोड मला एकदा फार महाग पडली आहे.

ती कचेरी बॉयलर तपासणीची होती. गिरण्या, धुलाईघरं, दवाखाने, जिथे जिथे वाफेवर काम चालायचं तिथल्या बॉयलरची वर्षातून एकदा तपासणी व्हायची. आमचे इन्स्पेक्टर आत शिरून पत्रे हातोडीने वाजवून बघत, बाहेर येऊन हात धूत, आणि अहवाल तोंडी सांगत. तो लघुलिपीत उतरवून टाइप करायचा, हे माझं काम.

दुपारी हेडक्लार्क भाऊसाहेबांनी मला आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "जा. इन्स्पेक्टरसाहेब डिक्टेशन देणार आहेत." आणि मी उठते न उठते तोच त्यांनी खणातून कापसाचे दोन बोळे काढून शांतपणे कानात घातले. मला वाटलं, म्हाताऱ्यांचे कान दुखत असतील.

आत गेले तर जिन्यातला तोच माणूस. चेहरा धुतलेला होता, पण कानामागे काजळी तशीच. अख्खी कचेरी त्यांना काजळीसाहेब का म्हणते, ते तेव्हा कळलं.

"अरे! कागदवाल्या बाई!" ते म्हणाले. "बसा. बाही धुतली का?"

"डाग गेला नाही."

"जाणारही नाही. तेलातली काजळी ती." पश्चात्ताप वगैरे काही नाही. "हं, लिहा. धुलाईघराचा बॉयलर. नळ्या ठीक. सेफ्टी व्हॉल्व्ह अ‍ॅब्सो-ब्लडी-लूटली निकामी."

माझी पेन्सिल थांबली. "साहेब... हे असंच लिहू?"

"कसंच?"

"आत्ता तुम्ही म्हणालात तसं."

"मी काय म्हणालो?"

गंमत अशी, की त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. मी मान खाली घालून, पुटपुटत, मधला भाग गाळून त्यांना त्यांचाच शब्द सांगितला. ते आधी हसले, आणि मग हसू आवरून पुढे वाकले.

"तुमच्या आधीचे टायपिस्ट ते गाळायचे," ते म्हणाले. "व्हॉल्व्ह निकामी आहे, एवढंच जायचं कागदावर. मालक वाचणार आणि म्हणणार, बघू पुढच्या महिन्यात. गेल्या वर्षी असाच एक बॉयलर फाटला. एका बाईचा हात खांद्यापर्यंत भाजला. मला वाटतं ना, की तो शब्द कागदावर ओरडला पाहिजे. पण कागद कसा ओरडणार..."

जागेवर येऊन मी मशीनसमोर बसले. रिबन दोन रंगांची होती, वर काळी, खाली लाल. डाव्या हाताला एक खटका होता. तो खाली दाबला की अक्षरं लाल उमटत. त्या कचेरीत लाल भाग कुणी वापरलाच नव्हता, नव्यासारखा ओला होता. मी अहवाल काळ्यात टाइप करत गेले, आणि जिथे साहेबांनी शब्द तोडला होता तिथे आले की खटका दाबून तो शब्द अखंड, पण लाल उमटवला. शिवी गेली आणि तिचा रंग राहिला.

साहेबांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, पण हळू, स्वतःशीच, "फॅन-ब्लडी-टॅस्टिक."

तिसऱ्या दिवशी धुलाईघराच्या मालकाचा फोन आला. "ते लाल लिहिलंय ते... म्हणजे फारच वाईट आहे का हो?" व्हॉल्व्ह त्याच आठवड्यात बदलला गेला. वर्षभरात आमचे लाल शब्द सगळ्या खात्यात माहीत झाले. मुख्य कचेरीत मोठे साहेब होते, त्यांनी तर हुकूमच काढला, की या कचेरीच्या कागदावर लाल शब्द असेल तर तो आधी त्यांच्या टेबलावर यावा. माझ्या कामात चूक नसते, असंही त्यांनी एकदा लिहून कळवलं होतं. तो कागद मी अण्णांना दाखवला. अण्णांनी चष्मा लावून त्यातली व्याकरणाची एक चूक शोधली, पण मुलीचं कौतुक म्हणून सोडून दिली.

आमचं डिक्टेशन हळूहळू लांबू लागलं. अहवाल एक पानाचा आणि वेळ तासाचा. भाऊसाहेब कानातला कापूस काढायचे, घड्याळ बघायचे, परत घालायचे.

"एक विचारू?" मी एकदा म्हटलं. "हे शिकलात कुठे?"

"जहाजावर. चार वर्षं इंजिनरूममध्ये उमेदवारी केली. एक म्हातारा फिटर होता, त्याने शिकवलं. तिथे आवाज इतका, की तोंडातून निघालेला शब्द तीन पावलांवर मरतो. मधे एक ठोका दिला की पोचतो."

"मग आपल्या भाषेतले शब्द का नाही तोडत कधी?"

"छे! ती आईची भाषा." त्यांनी कानाला हात लावला. "इंग्रजी शब्द कुणाच्या आईचे, मला काय ठाऊक!"

मला हसू आवरेना. मग धीर करून विचारलं, "आणि तो शब्द... मधे कुठेही घालता येतो?"

"कुठेही कसा? वा!" ते सरसावून बसले. टेबलावरची हातोडी उचलून त्यांनी लोखंडी कपाटावर ठकठक करायला सुरुवात केली. "ऐका. इथे खणखणीत वाजतं. इथेही. आता इथे... बद्द. आतून सांधा आहे. शब्दाचंही तसंच. वाजवून बघायचं आणि सांधा सापडला की तिथेच हाणायचं. बोला, 'इम्पॉसिबल' कुठे तोडाल?"

मी विचार केला. वहीत लिहिलं: इम्पॉसि, मग एक रेघ, मग बल. वही त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी दात दुखल्यासारखं तोंड केलं. "अरेरे! तिथे पत्रा अखंड आहे, बाई. हातोडी परत तोंडावर येईल. इम — आणि मग पॉसिबल. म्हणून बघा."

"मी? नाही हं."

"एकदा."

"माझ्या तोंडून? मेले तरी नाही."

"बघू," ते म्हणाले. "एक दिवस तुम्ही म्हणणार. आणि त्या दिवशी मी ऐकायला हवा."

ते मान तिरकी करून बघत होते, पत्र्याचा आवाज ऐकताना बघत तसे. मी उगाच पेन्सिलीला टोक काढू लागले. टोक आधीच काढलेलं होतं.

कानामागची काजळी त्यांना कधी दिसायचीच नाही. एका दुपारी मी पदरची सगळी हिंमत गोळा करून रुमाल पुढे केला. "इथे... राहिलंय."

"कुठे?" त्यांनी दुसराच कान पुसला.

"इकडे नाही, त्या..."

"तुम्हीच दाखवा ना."

रुमाल मी टेबलावर ठेवला आणि बाहेर पळाले. तो रुमाल तेव्हा मला परत मिळाला नाही, आणि मी मागितलाही नाही.

दुसऱ्या वर्षी ते आमच्या घरी आले. निमित्त अण्णांच्या शाळेतल्या पाणी तापवायच्या टाकीचं. ती गळत होती, आणि मी म्हटलं होतं, आमचे साहेब बघतील. खरं कारण तिघांनाही माहीत होतं. येण्याआधी मी त्यांना कचेरीच्या जिन्यात गाठून बजावलं, "अण्णांसमोर एकही शब्द तोडायचा नाही. एकही!"

"आणि तुटलाच तर?"

"तर मग... काही नाही. मग काहीच नाही."

ते समजले. दोन तास बसले आमच्याकडे. अण्णांनी इंग्रजीची नुसती फैर झाडली. साहेब एकेक शब्द गरम वाटी चिमट्याने उचलावी तसा उचलून पुढे ठेवत होते. कपाळावर घामाचे थेंब होते. टाकीचा तळ गंजून गेलाय हे सांगताना त्यांनी "इम..." म्हटलं, माझ्याकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि "पॉसिबल" म्हटलं. मी दाराआड ओढणीत तोंड खुपसून हसत होते.

ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "मुलगा सज्जन आहे. जरासा मिळमिळीत वाटला, एवढंच."

काजळीसाहेब आणि मिळमिळीत! दुसऱ्या दिवशी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले, की कापूस घातलेल्या भाऊसाहेबांनीही मान वर केली.

अण्णांचा नकार नव्हता. साहेबांनी विचारायचं आणि मी हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात बदलीचा हुकूम आला. समुद्रापलीकडचं बंदर, पाच वर्षांची नेमणूक. हरकत असेल तर आठ दिवसांत लेखी कळवावी.

त्यांनी मला आत बोलावलं. त्या दिवशी ते बसले नाहीत, खिडकीपाशी उभे राहिले. खाली रस्त्यावर पाणी मारलेलं होतं आणि त्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता.

"लिहा, बाई. मुख्य कचेरीला. महोदय, हुकूम मिळाला. ही बदली स्वीकारणं मला इम-ब्लडी-पॉसिबल आहे."

"साहेब, हे मोठ्या साहेबांकडे—"

"मग? लिहा. मी इथून अ‍ॅब्सो-ब्लडी-लूटली हलू शकत नाही. कारण खाजगी आहे." ते थांबले. "कारण..."

मी लिहीत होते. लघुलिपीत हात कानाच्या मागे धावत असतो, अर्थ नंतर येतो.

"कारण आत्ता माझ्यासमोर बसलंय. पेन्सिलीचं टोक चावतंय."

हात थांबला. मला वर बघायचं होतं आणि मान उचलवत नव्हती.

"हे... पण लिहू?" मी कसंबसं विचारलं.

"शेवटचं नका लिहू. ते तुमच्यासाठी होतं." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "बाकीचं नेहमीसारखं करा."

नेहमीसारखं. म्हणजे जिथे शब्द तुटला तिथे लाल.

मी मशीनवर बसले. 'इम्पॉसिबल'पाशी आले, खटक्यावर बोट ठेवलं. आणि मग विचार सुरू झाले. हा कागद भाऊसाहेब बघणार, आवक-जावकवाले बघणार, शिपाई बघणार. लाल शब्द म्हणजे आणीबाणी, हे सगळ्यांना पाठ. मग विचारतील, साहेबांची कसली एवढी आणीबाणी? आणि सगळे माझ्याकडे बघतील. अण्णांच्या कानावर जाईल, की मुलीने स्वतःसाठी सरकारी कागदावर लाल शाई वापरली. बॉयलरसाठी लाल, हे ठीक होतं. माझ्यासाठी लाल? मी बोट काढलं. परत ठेवलं. तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हा समोरचे आवक-जावकवाले सहज माझ्याकडे बघून हसले. नेहमी हसत तसेच, त्यात काही नव्हतं. पण माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

मी सगळं पत्र काळ्यात टाइप केलं. वर शब्दही मवाळ केले. 'इम्पॉसिबल' गेलं आणि 'खाजगी कारणास्तव काहीसं गैरसोयीचं' आलं. इंग्रजी इतकं सफाईदार झालं होतं, की अण्णांनीसुद्धा खोट काढली नसती. मनाची समजूत घातली, सभ्य माणसं सभ्य भाषेतलं समजून घेतात.

साहेब माझे कागद कधी वाचत नसत. "तुम्ही टाइप केलंय ना, मग काय वाचायचं!" म्हणून सही ठोकत. पण त्या दिवशी त्यांनी कागद हातात धरून ठेवला. वाचत नव्हते, नुसते बघत होते. मग पेनचं टोपण काढलं, सही केली आणि कागद परत दिला. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, घाईत असतील.

दहा दिवसांनी दुपारी फोन आला, भाऊसाहेबांनी घेतला. बोलणं झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. असे ते कधी येत नसत.

"मोठे साहेब होते," ते म्हणाले. "विचारत होते, इन्स्पेक्टरच्या पत्रात लाल काहीच कसं नाही? म्हणजे माणूस मनापासून नाही म्हणत नाहीये का? मी सांगितलं, आमच्या बाई चूक करत नाहीत. लाल नसेल तर लाल नसणारच." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरोबर सांगितलं ना मी? का... चूक होती काही?"

विचारायची त्यांची रीत अशी मऊ होती, की मी फक्त मान हलवली असती तरी पुरलं असतं. ते लगेच उलट फोन लावणार होते. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर तसाच थांबलेला मला आजही दिसतो. पण चूक म्हणायची, तर कसली म्हणायची? आणि का केली म्हणायची? दोन वर्षांत माझ्या कागदावर खाडाखोड झाली नव्हती.

"नाही, भाऊसाहेब," मी म्हटलं. "चूक नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

चार दिवसांनी उत्तर आलं. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पहिल्या तारखेला हजर व्हावं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे ते मनातून जाईल. माझं लग्न झालं, दोन वर्षांनी. नवरा चांगला मिळाला, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. मुलं झाली, नातवंडं झाली. रडतखडत काढलेलं आयुष्य नाही हे, उगाच कुणी डोळ्याला रुमाल लावू नये. काजळीसाहेबांनी त्या बंदरावरून भाऊसाहेबांना दोनदा पत्र घातलं. दुसऱ्यात लग्न झाल्याचं कळवलं होतं. अक्षर हाताचं होतं, निळ्या शाईतलं. भाऊसाहेबांनी पत्र वाचून माझ्या टेबलावर ठेवलं आणि ते चहाला निघून गेले. त्या पत्राचा प्रत्येक शब्द अखंड होता. मी दोनदा तपासलं.

मात्र एक आहे. सुनेने गेल्या वर्षी विचारलं, "आई, तुम्ही इतकं हळू का हो बोलता? मनात काय आहे ते कळतच नाही." मी म्हटलं, सवय गं. सवय कुठली, ते मी तिला सांगितलं नाही. म्हणून इथे सांगते आहे.

ते गेले त्या दिवसाचं राहिलं.

सकाळी अकराची वेळ. ते धुतलेल्या कपड्यांत आले होते, कानामागेसुद्धा स्वच्छ. मला ते कुणी परकेच वाटले. सगळ्यांचा निरोप घेत घेत शेवटी माझ्या टेबलाशी आले. मशीनवर एका दवाखान्याचा अहवाल चढवलेला होता.

"येतो, बाई. फार चांगलं काम केलंत तुम्ही."

"साहेब..."

"पत्राचं मनावर घेऊ नका," ते हळूच म्हणाले. "मी म्हटलं होतं, नेहमीसारखं करा. तुम्ही नेहमीसारखं केलं नाहीत. सहीला आलं तेव्हाच बघितलं मी, लाल काहीच नव्हतं. तुमचं उत्तर पोचलं मला. उलट बरं झालं, तोंडावर नाही म्हणायला तुम्हाला किती जड गेलं असतं."

माझं उत्तर! सहीआधी कागद बघत ते का थांबले होते, ते मला आत्ता कळलं. त्यांनी त्यात माझा नकार वाचला होता, आणि त्याच्याखाली सही केली होती. मोठ्या साहेबांशी दोन हात करायला त्यांनी नंतर का म्हणून जावं?

सांगायचं किती सोपं होतं. भ्याले, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते हे:

"रिबन वाळली होती... लाल बाजू."

त्यांनी मशीनकडे पाहिलं. दवाखान्याच्या अहवालात मधोमध 'इमिजिएटली' हा शब्द होता. लालभडक, ओला, नुकताच उमटलेला.

ते हसले. त्यात राग असता तर बरं झालं असतं. "असेल," ते म्हणाले. खिशातून घडी केलेला एक रुमाल काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. त्याच्या एका कोपऱ्यावर काजळीचा डाग तसाच होता. "हा तुमचा. धुतला, पण गेला नाही."

आणि ते जिना उतरू लागले. दोन-दोन पायऱ्या गाळत नाही, एकेक.

मी बसून होते. पावलं मोजत होते म्हणा ना. शेवटची पायरी वाजली, खालचं दार वाजलं, आणि माझ्या आत काहीतरी फाटलं. मी खुर्ची मागे ढकलली, आतल्या खोलीच्या खिडकीकडे धावले. ते रस्ता ओलांडून पलीकडे पोचले होते, हातात पेटी. समोरून मालाने भरलेला एक ट्रक खडखडत येत होता. आवाज असा, की शब्द तीन पावलांवर मरावा.

मी खिडकीबाहेर वाकले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "इम-ब्लडी-पॉसिबल!"

रस्त्यावरची माणसं थबकली. फळवाला वर बघायला लागला. एका बाईने आपल्या मुलीचे कान झाकले. ट्रक निघून गेला. पलीकडच्या फुटपाथावर कुणी नव्हतं. ते कोपऱ्यावरून वळून गेले होते.

मी वळले. कचेरीतलं प्रत्येक पेन थांबलं होतं. दारात भाऊसाहेब उभे होते. कापसाचे दोन्ही बोळे त्यांच्या हातात होते. साहेबांची शिवी ऐकायला नको म्हणून दोन वर्षं कानात कापूस घालणारा तो म्हातारा माझ्या टेबलाकडे वळला. मग त्याने माझी कलंडलेली खुर्ची उचलून सरळ केली, आणि घसा साफ करून म्हणाला,

"बरोबर जागी तोडलात, बाई."